आंगणेवाडीच्या जत्रेला रूम बुक करताय? आधी हे वाचा

कोकणातल्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीतली भराडी देवीची जत्रा कधी आहे हे कॅलेंडर बघून कळत नाही. देवीचा कौल घेऊन गावकरी तारीख ठरवतात आणि मग ती जाहीर होते. २०२३ ला ४ फेब्रुवारीला होती, २०२४ ला २ मार्चला, २०२५ ला २२ फेब्रुवारीला, म्हणजे जवळजवळ महिनाभर मागेपुढे. आता ही तारीख एकदा व्हॉट्सॲपवर फिरायला लागली की मुंबई, पुणे, गोवा, सगळीकडून लोक एकदम तुटून पडतात, कोकण रेल्वेच्या तिकिटांवर, मालवण-कणकवलीतल्या लॉजवर, आणि दोन-तीन दिवसात सगळं फुल्ल. आम्हाला ज्याने गंडवलं त्याचा अख्खा धंदा या दोन-तीन दिवसांच्या धावपळीवर चालतो हे मला आता नीट कळलंय, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही चिपळूणचे, त्यामुळे सिंधुदुर्गात आमचं स्वतःचं घर वगैरे काही नाही. नणंदेच्या मुलाचा नवस होता, गुळाचा तुलाभार करायचा होता, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे रात्रभर रांगेत उभं राहून पहाटे गाडी चालवत परत येणं शक्य नव्हतं, जवळपास कुठेतरी पाठ टेकायला जागा हवी होती. तारीख कळली त्याच रात्री फोन करायला बसलो. मालवणात सगळे म्हणाले फुल्ल आहे, एकाने तर "ताई गेल्या वर्षीचेच लोक आधी सांगून ठेवतात" म्हणून फोन ठेवला. मग नणंदेने फेसबुकवर एक पेज शोधून काढलं. आचऱ्याच्या अलीकडे, वाडीतलं चिरेबंदी घर, वर नळे म्हणजे कौलं, पुढे सारवलेलं खळं म्हणजे अंगण, तुळशीवृंदावन, मागे माड. नाव असं की दहा होमस्टेंचं असू शकेल.

लोक म्हणतात ना, स्वस्त बघून फसतात, तर इथे तसं अजिबात नव्हतं. एरवी असली रूम दीड-दोन हजाराला मिळते, याने रात्रीचे २,५०० सांगितले, म्हणजे जत्रेच्या दिवसात जेवढे वाढतात तेवढेच. दोन रूम, दोन रात्री, १०,००० रुपये, अर्धे आधी. बोलणं एकदम घरातल्या माणसासारखं. मालवणी हेल, मध्येच "वायच थांबा हां, गुरां इलीत खळ्यात" वगैरे. आणि ज्या एका वाक्याने सासूबाईंना तो एकदम आवडून गेला ते म्हणजे, "ताई, जत्रेच्या दिवसात आपल्याकडे मासे-मटण नाय हां, आदीच सांगतंय, मागाहून कटकट नको." आता सांगा, असं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार! आधार कार्डाचा फोटो पाठवला, होमस्टे नोंदणीचं कसलंसं सर्टिफिकेट पाठवलं शिक्क्यासकट, गुगल मॅपची लोकेशन पाठवली. मॅपवर ते घर होतं, रिव्ह्यू होते, सगळे पाच स्टार. ते सगळे एकाच आठवड्यात पडलेले होते हे नंतर बघितल्यावर दिसलं.

५,००० पाठवले. यूपीआयवर नाव आलं ते घराचंही नाही आणि आधार कार्डावरचंही नाही, कुठल्यातरी मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणाला मेव्हण्याचं दुकान आहे कुडाळात, माझ्या अकाउंटची आजची लिमिट संपली, सकाळपासून बुकिंग चालूय. जत्रेच्या गर्दीत हे पटण्यासारखं आहे ना? पटलं.

मग चारेक दिवसांनी मेसेज, दर्शनाचा पास हवाय का. व्हीआयपी रांग, माणशी ५००, वयस्कर माणूस असेल तर घ्याच, गेल्या वर्षी सात-सात तास लोक उभे होते. सोबत पासचा फोटो, देवीचं चित्र, क्यूआर कोड, नाव लिहायला जागा. आम्ही सहा जण, ३,००० रुपये. सासूबाईंच्या गुडघ्यांचं त्याला आम्हीच पहिल्या फोनवर सांगितलं होतं, तळमजल्यावरची रूम द्या म्हणून. तेच त्याने बरोबर लक्षात ठेवून वापरलं.

आणि निघायच्या दिवशी सकाळी, आम्ही गाडीत सामान भरतोय, तेव्हा फोन. "ताई बाकीचे पाच हजार आत्ता टाका, दारात पार्टी उभी आहे रोख घेऊन, मी तुमचा शब्द दिलाय म्हणून थांबलोय." दहा मिनिटं दिली त्याने. नवऱ्याने तिथेच पार्किंगमध्ये उभं राहून पाठवले. एकूण १३,०००.

हायवेने कणकवलीपर्यंत मस्त आलो. तिथून आत वळलं की जत्रा सुरू झाल्यासारखंच वाटतं, दोन्ही बाजूला पुढाऱ्यांचे बॅनर, एसटीच्या जादा गाड्या, टेम्पोमधून मंडळं. आम्ही आधी रूमवर सामान टाकायचं म्हणून लोकेशन लावून आचऱ्याकडे गेलो. त्याचा फोन दुपारपर्यंत लागत होता, "या या, चाय ठेवतंय" म्हणाला, आचऱ्याच्या अलीकडे पोचलो तेव्हा स्विच ऑफ.

घर खरंच होतं. तेच खळं, तीच तुळस, वृंदावनाचा एक कोपरा उडालेला तोसुद्धा फोटोतल्यासारखा. खळ्यात आधीच एक इनोव्हा उभी, डोंबिवलीची फॅमिली, बायका पायरीवर बसलेल्या आणि एक म्हातारी आजी कमरेवर हात ठेवून दारात उभी. आम्हाला बघून तिने कपाळावर हात मारला.

"खंयसून इलात? तुमी पण रूमसाठी? अगो बाय माज्या, माज्याकडे रूम बीम काय नाय. सकाळपासून लोका येतत नि माजो जीव खातत. माका इचारल्याशिवाय माज्या घराचे फोटो घातल्यान कोणी?"

आजी एकटी राहते, मुलगा गोव्यात कामाला. मुलाला फोन लावला तेव्हा उलगडा झाला, गणपतीत कुणीतरी व्हिडिओ काढायला आला होता, जुनी घरं दाखवतो म्हणून, यांनी कौतुकाने सगळं घर दाखवलं, माजघर, देवखोली, विहीर. त्या व्हिडिओतून फोटो काढून घेतलेले. व्हिडिओवाल्याचा यात काही संबंध नसणार बहुतेक, व्हिडिओ कुणीही बघू शकतो. मॅपवरची जागाही अशीच कुणीतरी टाकलेली, आजीला गुगल मॅप म्हणजे काय तेच माहीत नाही.

आता डोंबिवलीवाल्यांचं ऐका कारण ते आमच्यापेक्षा वाईट आहे. ते आमच्या तासभर आधी आले होते, तेव्हा त्याचा दुसरा एक नंबर लागत होता. यांनी आरडाओरडा केल्यावर तो अजिबात चिडला नाही, उलट म्हणाला सॉरी साहेब, डबल बुकिंग झालं, पूर्ण रिफंड देतो, क्यूआर पाठवतोय तो स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. यांनी रागाच्या भरात स्कॅन केलं, पिन टाकला, आणि आणखी ८,००० गेले. लोकहो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जाणारच, समोरचा रिफंड म्हणो नाहीतर बक्षीस म्हणो. हे सगळ्यांना माहीत असतं, त्या काकांनाही माहीत होतं, ते स्वतः रिटायर्ड अकाउंटंट. पण संध्याकाळ होत आलीय, बायकामुलं उघड्यावर, आणि पैसे परत मिळतायत असं कुणी म्हणतंय, अशा वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही. मला वाटतं या लोकांना ती वेळ बरोबर कळते.

तक्रारीचं सांगते कारण तिथे आमचा वेळ उगाच गेला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा हे माहीत होतं पण जत्रेच्या दिवसात लाखो फोन एका डोंगरात, नेटवर्क काडीसुद्धा नाही. गाडी घेऊन मागे आलो तेव्हा लागला. ते पहिलं काय विचारतात तर कुठल्या खात्यातून, किती वाजता, आणि व्यवहाराचा तो १२ आकडी यूटीआर नंबर. तो यूपीआय ॲपमध्ये त्या पेमेंटवर टॅप केलं की खाली दिसतो, आधीच कागदावर लिहून ठेवा, फोनवर बोलता बोलता शोधायला गेलं की तारांबळ उडते. मग ऑनलाइन सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तीच तक्रार स्क्रीनशॉटसकट. हे जेवढं लवकर तेवढं पुढच्या खात्यात पैसे अडकवून ठेवता येतात. आमचे सकाळचे ५,००० तिथे होल्ड झालेत असा मेसेज आलाय, हातात अजून काही नाही. आधीचे ८,००० त्याने केव्हाच काढले होते. बँकेत विचारलं तर म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार होत नाही. म्हणजे कुणी परस्पर खात्यातून पैसे उडवले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने संरक्षण आहे, पण आपण होऊन पाठवले तर ते गणित वेगळं, हे लक्षात असू द्या.

रात्री आजीने "आता खंय जातालात, खळ्यात आडवे पडा" म्हणून दोन्ही फॅमिलींना चटया दिल्या. पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी सकाळी जबरदस्तीने साडी दिली, आम्ही ओटीसाठी आणलेल्यातली एक जास्तीची होती.

दर्शन मात्र छान झालं, तेवढं सांगायलाच हवं. पासचा फोटो एका स्वयंसेवकाला दाखवला तर त्याने दुसऱ्याला बोलावून दाखवला, दोघे हसले आणि मग जरा गंभीर झाले, म्हणाले पैसे घेऊन दर्शनाचा पास आमच्याकडे कोणी देत नाही, रांगेत या. सासूबाईंचं वय बघून त्यांनीच बाजूला बसायला दिलं आणि पुढे घेतलं, ५०० रुपये न घेता. रात्री देवीच्या प्रसादाची ताटं लावायच्या वेळी दर्शन थांबतं, तेव्हा गर्दी किती दाटते ते प्रत्यक्ष बघायला हवं, आंगणे कुटुंबातल्या बायका न बोलता तो प्रसाद रांधतात. तुलाभार झाला, खाजा हा जत्रेतला गोड खाऊ घेतला, भाच्याने दशावतार बघितला. पोलीस मदत केंद्रात तक्रार तोंडी सांगितली, त्यांनी पेजचं नाव लिहून घेतलं.

घरी आल्यावर नवऱ्याने त्या पेजचा पंचनामा केला. फेसबुकच्या पेजवर ट्रान्सपरन्सी म्हणून एक जागा असते, पेज कधी सुरू झालं आणि आधी नाव काय होतं ते तिथे दिसतं. हे पेज आधी साड्यांच्या सेलचं होतं, मग कसल्यातरी कुत्र्यांच्या पिल्लांचं, आणि जत्रेची तारीख जाहीर झाली त्याच आठवड्यात होमस्टे झालं. दोन मिनिटांचं काम. आता आम्ही कुठेही बुक करताना हे बघतो, आणि दुसरं म्हणजे व्हिडिओ कॉल करून सांगतो, आत्ता खळ्यात या आणि तुळस दाखवा. खरा मालक हसत हसत दाखवतो, आम्ही गुहागरला एकाकडे करून बघितलं, त्याने तुळस, कुत्रा, बायको सगळं दाखवलं. ज्याला जमत नाही त्याचा नेट स्लो असतो, कॅमेरा खराब असतो, तो बाजारात असतो. अजून एक, गावात ओळख नसली तरी तिथल्या एखाद्या किराणा दुकानाचा किंवा रिक्षावाल्याचा नंबर मॅपवर मिळतो, वाडीचं नाव सांगून विचारलं की अमक्याकडे रूम देतात का, तर लोक सांगतात. आजीच्या वाडीत कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

यूपीआयवर दुसऱ्याचं नाव आलं तर मात्र मी आता पैसे पाठवत नाही, मेव्हणा असो की मावसभाऊ. रोख घेईन म्हणणारे बरेच आहेत, आल्यावर द्या म्हणणारेही आहेत.

हे लिहिण्याची घाई एवढ्यासाठी की परवा नणंदेने पाठवलं, ते पेज आता कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेच्या रूम देतंय. नाव बदललंय, नंबर बदललाय, देवगडची लोकेशन टाकलीय, घर मात्र आचऱ्याच्या आजीचंच आहे. आम्ही रिपोर्ट केलंय, पण पेज अजून चालू आहे. देवगडकडे कुणाचे पाहुणे येणार असतील तर त्यांना आजच सांगा.