हिवाळी अधिवेशनात कोणती एक मागणी न्यावी : चार पर्यावरणीय प्रश्नांचा तुलनात्मक आढावा

नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की विदर्भातल्या गावागावांत निवेदने तयार होऊ लागतात, आणि बहुतेक निवेदनांत पंधरा-वीस मागण्या एकाखाली एक मांडलेल्या असतात. आमदारांच्या हाती निवेदन पडते, फोटो निघतो आणि कागद फायलीत जातो. ज्या ग्रामसभेला किंवा शेतकरी गटाला एकच प्रश्न धरून कायद्यात अथवा नियमांत बदल घडवायचा आहे, त्यांच्यासाठी येथे चार मागण्या (वन्यप्राण्यांचा उपद्रव, फवारणीतील विषबाधा, भूजल आणि जुने तलाव) शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. त्रास कोणता मोठा, या कसोटीवर चौघींतली एकही मागे हटणार नाही. म्हणून येथे कसोटी घेतली आहे ती त्या विषयात विधिमंडळाला प्रत्यक्ष किती करता येते याची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी, शेती आणि मत्स्यव्यवसाय हे विषय राज्यसूचीत आहेत, तर वने आणि वन्यप्राणी 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्या अधिकारात, गेले. निवडीचा अर्धा निकाल या वाटणीतच लागतो.

सर्वांत मोठा आवाज रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्या उपद्रवाविरुद्ध उठतो, आणि तो रास्तच आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जुन्या साड्या बांधून, रात्रभर जागल करूनही सकाळी हरभऱ्याचा पट्टा लोळवलेला सापडतो. परंतु या प्राण्यांना उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 62 नुसार केंद्र सरकारकडे आहे. राज्याच्या वन अधिकाऱ्यांना कलम 11 खाली मर्यादित परवानगी तेवढी देता येते. त्यामुळे “बंदोबस्त करा” ही मागणी विधानभवनात कितीही गाजली, तरी उत्तर “केंद्राकडे पाठपुरावा करू” असेच येणार. राज्याच्या हातात खरोखर आहे ती नुकसानभरपाई : तिचा दर, पंचनाम्याची पद्धत आणि रक्कम देण्याची मुदत. मागणी एवढ्यापुरती आवळून घेतली, तर ती दमदार आहे.

फवारणीतून होणाऱ्या विषबाधेचा प्रश्न यवतमाळ जिल्ह्याने 2017 मध्ये वीसहून अधिक जीव गमावून देशासमोर आणला. तरीही कीटकनाशक अधिनियम, 1968 हा केंद्राचा कायदा आहे आणि त्याच्या कलम 27 खाली राज्याला एखाद्या औषधाची विक्री साधारणपणे 60 दिवसांपुरतीच थांबवता येते. कायमची बंदी मागायला नागपूरला जाण्यात अर्थ नाही. ग्रामीण रुग्णालयांत तपासणी आणि विषावरचा उतारा उपलब्ध असावा ही मागणी योग्य आहे, मात्र ती कायद्यापेक्षा अर्थसंकल्पाची आहे.

भूजलाचे चित्र वेगळे आहे. येथे अधिकार पूर्णपणे राज्याचा आहे आणि कायदाही आहे : महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009, जो 2014 मध्ये अंमलात आला. त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत आणि पाणलोट क्षेत्रनिहाय समित्यांची तरतूद आहे. अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात मात्र बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत. म्हणजे तेथे नवा कायदा मागण्यापेक्षा आहे त्या कायद्याची अंमलबजावणी मागावी लागेल, आणि अडचण अशी की तिचा पहिला चटका मागणी करणाऱ्यांनाच बसेल. एप्रिल-मेमध्ये बाग वाळताना पाहणारा बागायतदार नव्या बोअरवरची बंदी सहजासहजी मान्य करणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. ग्रामसभेत आधी एकमत झाले नसेल, तर हा विषय अधिवेशनात नेणे धोक्याचे आहे. गावातलाच दुसरा गट त्याच आमदारांकडे उलट निवेदन घेऊन जातो.

झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, माजी मालगुजारी तलावांचा (मालगुजार या जुन्या जमीनदारांच्या ताब्यात असलेल्या तलावांचा) प्रश्न या तिघांच्या तुलनेत शांत आहे. माझ्या मते कायदा करण्यासाठी सर्वांत तयार जमीन तेथेच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे जवळजवळ सात हजार तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची (तलावाच्या बांधाची), गाळाची काळजी घेणारे माणूसच नाहीसे झाले. आज पाणी एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्या व्यवस्थेखाली आणि बुडीत जमिनीची नोंद महसूल दप्तरी, अशी विभागणी आहे. धानाला शेवटचे पाणी हवे म्हणून शेतकरी तुडुम (तलावातून पाणी सोडण्याचे दार) उघडायला सांगतो आणि उन्हाळ्यात मासे तगावेत म्हणून मासेमारी करणारे ढिवर बांधव तो बंद ठेवायला सांगतात; दोघेही बरोबर असतात आणि निवाडा करणारा नियम नसतो. पात्रात बेशरम हे तण माजते, कडेची जमीन वहितीखाली जाते, तलावात पाणी आणणारे येव्याचे नाले बुजतात.

केंद्राचे 2017 चे पाणथळ जागांचे नियम येथे उपयोगी पडत नाहीत, कारण खास सिंचनासाठी बांधलेली जलाशये त्यांच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. उलट महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 मधील निस्तारपत्रक (गावाच्या पडीक जमिनीच्या सामायिक वापराची नोंद) आणि कलम 165 मधील वाजिब-उल-अर्ज (पाणी, वाट, मासेमारी यांविषयीच्या गावच्या रूढींची नोंद) हे गावाच्या हक्कांचे जुने आधार आजही उभे आहेत. तलावाची हद्द मोजून अधिकार अभिलेखात नोंदवणे, उन्हाळ्यात राखायची किमान पातळी ठरवणे आणि शेतकरी व मच्छीमार दोघांना स्थान असलेली ग्रामसभेची समिती नेमणे, एवढ्या तीन गोष्टी विधिमंडळाला दिल्लीकडे न पाहता करता येतील. गोंदियातला सारस पक्षीही याच तलावांच्या आणि धानाच्या बांधांच्या आधाराने टिकून आहे. हा मुद्दा निवेदनात शेवटी यावा, आरंभी नव्हे.

तेव्हा पूर्व विदर्भातील गटांनी तलाव निवडावेत. पश्चिमेकडील गटांनी ग्रामसभा एकमुखी असेल तर भूजल, नसेल तर भरपाईची मुदत निवडावी. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेले विधेयक, क्वचितच कायद्यापर्यंत पोहोचते, म्हणून सुरुवात तारांकित प्रश्नाने (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) किंवा लक्षवेधी सूचनेने (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधण्याच्या सूचनेने) करणे बरे. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिले, तर त्याचा पाठपुरावा आश्वासन समितीकडे करता येतो. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते, त्यामुळे निस्तारपत्रकाची नक्कल आणि मोजणीचे कागद तहसीलमधून दिवाळीपूर्वीच काढून आमदारांकडे पोहोचवावेत.