जुना क्लोव्हरलीफ बदलायचा कसा? प्रस्तावित आराखड्यांचा तुलनात्मक आढावा

दोन द्रुतगती महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथला जुना क्लोव्हरलीफ इंटरचेंज, म्हणजे एका पुलाभोवती चार पाकळ्यांसारखे गोल रस्ते (लूप) असलेली जोडणी, रोज तुंबू लागला की साधारणपणे तीन प्रस्ताव पुढे येतात. पहिला, आहे त्या रचनेला समांतर वाटपरस्ते जोडण्याचा. दुसरा, काही लूप काढून त्यांच्या जागी थेट उड्डाणरॅम्प बांधण्याचा. आणि तिसरा, सगळे पाडून चार मजली स्टॅक, म्हणजे एकावर एक जाणाऱ्या रस्त्यांची रचना, उभारण्याचा. कोणता आराखडा निवडावा याचा विचार करणाऱ्या समितीने किंवा नागरिकांनी खर्चाच्या तक्त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: कोंडी नेमकी कोणत्या वळणामुळे होते?

क्लोव्हरलीफची रचना जुनी आहे. आर्थर हेल यांना तिचे अमेरिकी पेटंट १९१६ साली मिळाले आणि न्यू जर्सीतील वुडब्रिज येथे १९२९ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. एकाच पुलावर, एकही सिग्नल न लावता सर्व दिशांची वळणे मिळतात, हे तिचे खरे सामर्थ्य आहे. डावीकडून वाहने चालवणाऱ्या देशात उजवीकडे जाणारे वाहन आधी पूल ओलांडते, मग डावीकडे २७० अंशांत फिरून दुसऱ्या महामार्गावर येते. अडचण अशी की एका लूपमधून येणारी वाहने पुलाच्या अलीकडे रस्त्यात शिरतात आणि पुढच्या लूपकडे जाणारी वाहने पुलाच्या लगेच पलीकडे बाहेर पडतात. मधल्या तोकड्या अंतरात दोन्ही प्रवाह एकमेकांना छेदतात. एक वेग वाढवत असतो, दुसरा कमी करत असतो. प्रवाहांच्या या गुंफणीत, म्हणजे वीव्हिंगमध्ये, लगतच्या दोन लूपवरील वाहने मिळून तासाला १,००० च्या आसपास पोहोचली की अडथळा झपाट्याने वाढतो, असे अमेरिकेतील आश्टो या संस्थेची रस्तेरचनेची मार्गदर्शिका सांगते.

यावर सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे लूप मोठे करणे, आणि तोच सर्वात फसवा आहे. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लूपचा वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटरवर न्यायचा तर त्रिज्या किमान सव्वादोन पट आणि जमीन सुमारे पाचपट लागते. अंतर सव्वादोन पट व वेग फक्त दीडपट झाल्याने लूप पार करायला लागणारा वेळही दीडपट होतो.

वाटपरस्त्याचा पर्याय याहून बराच शहाणपणाचा आहे. त्यात मुख्य मार्गिकांना समांतर वेगळा रस्ता काढून लूपची सर्व ये-जा त्यावर नेली जाते. वीव्हिंग संपत नाही, पण ते मुख्य प्रवाहाबाहेर आणि कमी वेगाने घडते, त्यामुळे सरळ जाणाऱ्या वाहनांची तत्काळ सुटका होते. मात्र वरचा रस्ता रुंद करायला पूल वाढवावा लागतो आणि खालच्या रस्त्यासाठी पुलाच्या टोकाच्या आधारांपलीकडे नवा गाळा (रस्ता जाण्यासाठी पुलाखालची मोकळी वाट) काढावा लागतो, म्हणून ‘फक्त एक मार्गिका वाढवू’ असे सांगणाऱ्या प्रस्तावात पुलाचे काम धरले आहे का, हे तपासून घ्यावे.

बहुतेक ठिकाणी मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने कौल देईन, आणि त्यामागचे कारण भूमितीत आहे. चार लूपमुळे वीव्हिंगची चार ठिकाणे तयार होतात आणि प्रत्येक लूप त्यांपैकी दोन ठिकाणी सहभागी असतो. शेजारचे दोन लूप काढले तर एक ठिकाण उरते. परंतु समोरासमोरचे, म्हणजे कर्णावरचे दोन लूप काढून तिथे थेट रॅम्प दिले तर चारही ठिकाणे नाहीशी होतात. स्टॅकच्या निम्म्या उड्डाणरॅम्पमध्ये मूळ दोष पूर्णपणे दूर होतो, ही साधी गोष्ट आराखड्यांच्या सादरीकरणात क्वचितच कोणी ठळकपणे मांडते. कोणते दोन लूप काढायचे हे ठरवण्यासाठी वळणांची मोजणी सकाळ आणि संध्याकाळ अशी स्वतंत्र हवी, कारण सकाळी लूपने गेलेला प्रवाह संध्याकाळी डावीकडे वळणाऱ्या बाहेरच्या साध्या रॅम्पने परततो आणि दिवसभराच्या एकत्रित आकड्यात लूपवरचा खरा ताण लपून जातो.

चार मजली स्टॅकमध्ये प्रत्येक वळण थेट होते. लॉस एंजलिसमधील असा इंटरचेंज १९५३ मध्ये पूर्णपणे खुला झाला, तर ब्रिटनमधील आल्मंड्सबरीचा १९६६ मध्ये. चारही उजवी वळणे सारखीच जड असतील आणि मधली जागा अपुरी असेल तर त्याला पर्याय नाही. मात्र उंच रॅम्पचा चढ अवजड वाहनांचा वेग खातो आणि आवाज दूरवर पोहोचतो. रॅम्प केंद्राभोवती सावकाश फिरवणारी टर्बाइन रचना उंची टाळते, पण पुलांची संख्या आणि जमीन दोन्ही वाढवते.

महामार्गांच्या जोडीला स्थानिक रस्ते येऊन मिळत असतील तर तुलना बदलते. इंग्लंडमधील कॅथॉर्प येथे एम-१, एम-६ आणि ए-१४ एकत्र येतात. तिथे एम-१ व ए-१४ मधली काही वळणे आणि आसपासच्या गावांची वाहतूक दोन लहान गोल चौकांतून जात असे. २०१४ नंतर झालेल्या पुनर्रचनेत लांबच्या वाहतुकीला विनाथांबा जोड मिळाले आणि स्थानिक वाहतुकीसाठी निराळे रस्ते काढले गेले. हे विलगीकरण वगळणारा आराखडा कितीही मजली असला तरी मी तो अपुरा मानेन.

शेवटी बांधकामाचा क्रम पाहावा. १९६८ साली खुला झालेला अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्क्वेट इंटरचेंज २००४ ते २००८ या काळात वाहतूक चालू ठेवून टप्प्याटप्प्याने नव्याने बांधला गेला आणि वेगवान मार्गिकांच्या बाजूने बाहेर पडणारे जुने रॅम्प तेव्हा हटवले गेले. कर्णावरच्या दोन लूपची योजनाही टप्प्यांत बसते: नवा रॅम्प जुन्या लूपच्या बाहेरून उभारता येतो आणि तो सुरू होईपर्यंत लूप वापरात राहतो. परंतु नवीन रॅम्प जिथे उतरतो तिथून पुढच्या मार्गिका आधीच भरलेल्या असतील तर कोंडी केवळ पुढे सरकेल, म्हणून त्या पुढच्या पट्ट्याची मोजणी आराखड्यासोबत मागून घ्यावी.