पार्टनरला गेस्ट अ‍ॅक्सेस दिलाय? आमचे ११,७७,३०० रुपये असेच गेले

अंधेरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, अकाउंट्स मी बघते. भिवंडीचे पॅकिंगवाले आमचे जुने सप्लायर. बिलं, चलनं, पेमेंटचं शेड्यूल सगळं क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये, आणि त्यांच्या अकाउंटंटला तिथे गेस्ट म्हणून, म्हणजे बाहेरचा असूनही फोल्डर उघडायची परवानगी देऊन, घेतलेलं. आजकाल सगळेच घेतात.

चोर आमच्या दारातून आलाच नाही. त्या अकाउंटंटचा मेलबॉक्स हॅक झाला. गेस्टचं लॉगिन त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या खात्यावर चालतं, म्हणजे पासवर्ड तिकडे गेला की फोल्डर इकडे उघडं. पुढचं ऐकून तर डोकंच फिरलं. मायक्रोसॉफ्ट एंट्रात (कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी लॉगिनची यंत्रणा) मुळात सेटिंगच असं असतं की गेस्टसुद्धा आणखी गेस्ट बोलावू शकतो! चोराने त्या गेस्टच्या नावाने दुसरा गेस्ट आत घेतला. कंपनीचं नाव तेच, फक्त पत्त्याच्या शेवटी ‘डॉट को डॉट इन’ऐवजी नुसतं ‘डॉट को’. आम्हाला कोणी विचारलं नाही. ते सेटिंग आजच बदला, आमंत्रणाचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनकडे ठेवा.

२८ मार्च २०२५, शुक्रवार. पुढे पाडवा, ईद आणि १ एप्रिलचं बँकांचं क्लोजिंग. शीटमध्ये बँकेच्या रकान्यात नवा नंबर, बाजूला कॉमेंट: “जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, पेमेंट यात टाका.” मी ६,८५,००० आणि ४,९२,३०० असे दोन आरटीजीएस केले.

खटकायला हवं होतं ते वेगळंच. भिवंडीचे शेठ मार्च एंडिंगला सकाळपासून फोन लावतात, “मॅडम, आज टाकताय ना?” त्या दिवशी एकही फोन नाही. एवढा तगादा लावणारा माणूस गप्प बसला, हे आजही झोपताना आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. पण समोर व्हाउचरांचा ढीग असताना न आलेल्या फोनची नोंद कोण ठेवतं, सांगा! नंतर कळलं, शेठना आमच्या नावाने मेल गेला होता की पेमेंट १० एप्रिलनंतर होईल. खातं बदलल्याचं दिसलं की जुन्या नंबरवर स्वतः फोन लावा. मेलवर विचारू नका, मेल तोच वाचत असतो.

लाभार्थी म्हणून मी शेठच्या फर्मचंच नाव टाकलं होतं. तरी पैसे गेले, कारण जमा होतात ते नंबर बघून. खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मुदत दिली होती १ एप्रिल २०२५ पर्यंतची. म्हणजे आमचे पैसे गेल्यावर चार दिवसांनी. आता सोय आहे, नाव बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेठचा हिशेब जुळेना तेव्हा सगळं उघड झालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली म्हणून १,३८,४५० रुपये तरी होल्डवर सापडले. उरलेले १०,३८,८५० कुठल्या कुठे. बँक म्हणते, नंबर तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात सांगतात सायबरला जा, सायबरला सांगतात मेलबॉक्स भिवंडीचा, तिकडे जा. अहो, पैसे मुंबईतून गेले, तक्रारदार मुंबईत! नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी त्यांना सांगायचं? एक साहेब तर म्हणाले, “गेस्ट ना? मग तुम्हीच बोलावलं असेल.” आणि वर पुरावा मागतात. फुकटच्या लायसन्सवर साइन-इन लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं त्याच्या नोंदी, सातच दिवस राहतात, आमंत्रण त्याच्या कितीतरी आधीचं. लॉग दिसताहेत तोवर उतरवून घ्या, तक्रारीची वाट बघू नका.

होल्डवरचे पैसे सोडवायला आता कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. शेठनी माल दिलाय, त्यांचे पैसे द्यायचेच आहेत. पहिला हप्ता २,००,००० चा गेला, या वेळी फोनवर नंबर वाचून घेऊन.