जुन्या पिकअपला ऑल-टेरेन टायर: अपोलो अ‍ॅप्टेरा एटी२

२३५/७५ आर१५ मापाच्या जुन्या पिकअपसाठी हा परवडणारा आणि भरवशाचा ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांचा टायर. गिट्टी-मुरमावर पकड छान. डांबरी रस्त्यावर थोडा आवाज येतो, तेवढं चालायचंच. पावसाळ्यातली काळी माती मात्र कुठल्याही ऑल-टेरेनच्या खाचा भरून टाकते, तिथे मड टायरच हवा.

माल वाहत असाल तर नक्षीआधी लोड इंडेक्स पाहा: १०५ म्हणजे एका टायरवर ९२५ किलो, १०९ म्हणजे १०३०. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी अजिबात नको. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडेही वाचा, टायर कधी बनला ते त्यात कळतं. २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तरी सोडा, नागपूरच्या ४५ अंशांत जुनं रबर लवकर तडकतं. दोनच घेणार असाल तर मागच्या चाकांना लावा.