दिल्लीत राहून वर्षभर कालनिर्णय आणि दाते पंचांग वापरलं, त्याचा अनुभव

आम्ही मूळचे सोलापूरचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं झाली दिल्लीत आहोत. इथे आल्यापासून भिंतीवर कॅलेंडर लावायचं बंदच झालं होतं, सगळं मोबाईलवर, सणाच्या आदल्या दिवशी नोटिफिकेशन येतं मग खिळा कशाला ठोकायचा. यंदा जानेवारीत सासूबाई येताना कालनिर्णय घेऊन आल्या आणि पाडव्याला, 30 मार्चला, शके 1947 चं दाते पंचांग पाठवून दिलं. आता डिसेंबर 2025 आलाय, वर्ष संपत आलं, म्हणून लिहितेय.

आधी जुलैत काय झालं ते सांगते. माझ्या सासऱ्यांची तिथी श्रावण वद्य पंचमी. ती मी एका ॲपमध्ये टाकून ठेवलेली. 15 जुलैला सकाळी सकाळी रिमाइंडर वाजला, आज तिथी! माझ्या पोटात गोळाच आला, ना गुरुजींना सांगितलेलं ना सामान आणलेलं, रडतच सासूबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "अगं, अजून आषाढ चालूय, श्रावण लागू तर दे." कॅलेंडर बघितलं तर खरंच आषाढ वद्य पंचमी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षात, म्हणजे पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात, त्यांच्या महिन्याचं नाव एकाने पुढे असतं, आणि ॲप त्याच सेटिंगवर होतं. शेजारच्या भाभींचे श्रावण सोमवार 14 जुलैला सुरू झाले आणि माझा पहिला सोमवार 28 ला, ते यामुळेच.

बरं, खरी गंमत पुढेच आहे. ऑगस्टचं पान बघितलं तर 13 तारखेच्या चौकटीत चतुर्थी आणि 14 ला षष्ठी, पंचमी मधून गायब! चौकटीत सूर्योदयाला असलेली तिथी छापतात, आणि ही पंचमी 13 ला सकाळी साडेसहानंतर लागून 14 ला पहाटे सूर्योदयाच्या आतच संपत होती, म्हणजे तिथीचा क्षय. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी होते, पण चंद्राचा वेग सारखा नसतो म्हणून कधी तिथी लहान कधी मोठी. सासूबाईंनी फोनवरच समजावलं की श्राद्धाला सूर्योदयाची नाही, अपराण्हातली, म्हणजे दुपारनंतरची तिथी बघायची, म्हणून 13 लाच करायचं. पंचांग उघडून बोट ठेवत ठेवत तिथीच्या समाप्तीची वेळ बघितली आणि मला पहिल्यांदा ते आकडे कळले, फार बरं वाटलं. आदल्या दिवशी 12 ला अंगारकी होती (संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी धरतात), चंद्रोदयापर्यंत उपास, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून श्राद्धाचा स्वयंपाक, पण बाबांचं सगळं यथासांग झालं.

चंद्रोदयाचं मात्र लक्षात ठेवा, आपल्या कॅलेंडरमधल्या वेळा आपल्याकडच्या गावांच्या असतात, दिल्लीत मुंबईपेक्षा चंद्र बहुतेकदा लवकर उगवतो, तेवढं इथलं बघून घ्यायचं.

गौरींची तर ॲपमध्ये नोंदच नव्हती. गौरी नक्षत्रावर बसतात, अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन, यंदा 31 ऑगस्ट, 1 आणि 2 सप्टेंबर. मी कॅलेंडरवर आधीच पेन्सिलने गोल केले होते त्यामुळे फराळाला वेळ मिळाला. दिवाळीत पण तेच, अमावास्या 20 ऑक्टोबरला दुपारी पावणेचारला लागली आणि 21 ला संध्याकाळी सहाच्या आत संपली, इथे सगळ्यांनी 20 ला दिवाळी केली आणि पंचांगात लक्ष्मीपूजन 21 ला. आम्ही 20 ला पहाटे अभ्यंगस्नान केलं, संध्याकाळी सोसायटीत सगळ्यांबरोबर दिवे लावले आणि 21 ला रजा टाकून घरी पूजा. मुलीने विचारलं दोन दिवाळ्या का, तिला कॅलेंडरच दाखवलं.

पंचांग वाचायला वेळ लागतो हे खरंय, नक्षत्र, योग, करण सगळं एकेका अक्षरात लिहिलेलं असतं, मला दोन महिने लागले. रोजच्याला कालनिर्णय पुरतं. ते फ्रिजशेजारी आहे, दूध किती घेतलं, सिलेंडर कधी लावला, बाई कधी आली नाही सगळं त्याच चौकटीत. मागचे लेख जेवताना वाचते.

2026 चं आलंय. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे वटपौर्णिमा 29 जूनला आणि गणपती थेट 14 सप्टेंबरला. अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायला आई दिल्लीला येणार आहे, तिचं तिकीट त्या तारखा बघूनच काढलं.