सिगार वळण्याचा घरगुती संच : साचा चांगला, पण पानाचे काय?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घरी सिगार वळण्याचा संच मागवला. किंमत ४,६०० रुपये. खोक्यातून दहा खाचांचा लाकडी साचा, वळण्याची फळी, अर्धचंद्राकृती सुरी, चिकटवण्यासाठी पेक्टिनची पुडी, सरावासाठी आठ तयार पाने आणि चाळीस पृष्ठांची इंग्रजी पुस्तिका निघाली. झाकणावर ‘आपल्या बागेतील तंबाखूपासून आपली सिगार’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती आणि खरे सांगायचे तर त्या ओळीला भुलूनच मी पैसे भरले, कारण मिरज तालुक्यात कृष्णेकाठी असलेल्या आमच्या घराच्या परसात तेव्हा नुकतीच विडी तंबाखूची तीस रोपे लावून झाली होती. वडिलांच्या काळात आमच्या रानात तंबाखू होत असे. पुढे उसाने तिला हुसकावून लावले.

रोपांच्या लागणीपासून पहिली ओढण्याजोगी सिगार हाती येईपर्यंत साधारण नऊ महिने गेले. त्यांपैकी या संचाचा खरा उपयोग झाला तो शेवटच्या काही तासांत. तेवढ्या तासांसाठी तो चांगला आहे. त्याआधीच्या नऊ महिन्यांविषयी मात्र पुस्तिका जवळजवळ गप्प आहे, आणि झाकणावरच्या त्या ओळीमुळे हे मौन मला फसवणुकीच्या जवळ जाणारे वाटते.

प्रथम साच्याविषयी. सिगारीत तीन थर असतात : आतले भरण, ते आवळून धरणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वर दिसणारे पोशाखाचे पान. भरण बांधणीच्या पानात गुंडाळून साच्याच्या खाचेत ठेवायचे, वरचा भाग बसवून शिकंज्यात आवळायचे, अर्ध्या-पाऊण तासाने प्रत्येक गुंडाळी खाचेतच थोडी फिरवून पुन्हा आवळायचे, म्हणजे साच्याच्या सांध्याची रेघ अंगावर उठत नाही. सिगारीची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. हा साचा ५० क्रमांकाचा, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर जाडीचा आहे. खाचा एकसारख्या कोरलेल्या आहेत आणि आतून गुळगुळीत आहेत. पहिल्याच दिवशी माझ्यासारख्या नवख्या हातांनी केलेल्या ओबडधोबड गुंडाळ्या त्यातून बऱ्यापैकी सरळ होऊन निघाल्या. दोन महिन्यांनी पानांच्या ओलीने लाकूड किंचित फुगले आणि दोन्ही भाग नीट मिटेनासे झाले. सावलीत आठवडाभर वाळवल्यावर ते पुन्हा जुळले. तरीही ५० ची जाडी शिकाऊ माणसासाठी मोठीच आहे. एका सिगारीला बारा-पंधरा ग्रॅम पान लागते आणि तीस रोपांच्या मालकाला ती उधळपट्टी परवडत नाही.

सुरी निकृष्ट होती. तिची धार पोशाखाचे पान कापत नसे, ओरबाडत असे. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्याने चार दिवसांत दुसरी सुरी पाठवली. तीही तशीच निघाली. अखेर शेजारच्या मावशींनी आपली जुनी कात्री आणून दिली. मावशींचे माहेर निपाणीचे असून लग्नाआधी त्यांनी कित्येक वर्षे विड्या वळल्या आहेत. टेंभुर्णीचे पान पत्र्याच्या मापाने कापताना वापरायची ती कात्री आता माझ्या फळीवर कायमची आली आहे.

वळण्याचे तंत्र पुस्तिकेत चित्रांसह दिले आहे आणि हा तिचा सर्वांत चांगला भाग आहे. भरणाचे प्रत्येक पान नळीसारखे सैल गुंडाळून त्या नळ्या शेजारी शेजारी धरायच्या, म्हणजे धुराला वाट राहते. शेंड्याकडचे सर्वांत कडक आणि सावकाश जळणारे पान, ज्याला स्पॅनिशमध्ये ‘लिहेरो’ म्हणतात, ते मधोमध ठेवायचे. पोशाखाचे पान तिरके लावत न्यायचे आणि शिरा शक्यतो सिगारीच्या लांबीला समांतर ठेवायच्या. हे सगळे वाचून मी केलेली पहिली सिगार मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती पेटवली तर नाहीच, नुसती दोन बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “गुरुजी, हे उसाचं कांडं झालंय. ह्यातनं वारं जायचं कुठनं?” खरोखरच तिच्यातून धूर येत नव्हता. किती दाबून भरायचे हे चित्रात दिसत नाही, बोटांनाच कळावे लागते. त्यासाठी पुस्तिकेत वजनाचे साधे प्रमाण तरी द्यायला हवे होते. आणखी एक सुचवावेसे वाटते. तोंडाकडची टोपी बसवणे नवख्याला सर्वांत अवघड जाते. आपला ‘चिरूट’ हा शब्द तमिळमधील ‘चुरुट्टु’वरून, म्हणजे गुंडाळलेल्या वस्तूवरून आला, तिरुचिरापल्लीच्या बाजूचा चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो आणि त्याला टोपी नसते. शिकणाऱ्याला आधी पंधरा दिवस चिरूट वळू द्यावेत, मग सिगारीकडे न्यावे. पुस्तिका पहिल्याच धड्यात टोपीला हात घालते आणि पाने वाया घालवते.

आता पानाविषयी. पुस्तिकेत पान तयार करण्याबद्दल जेमतेम दीड पृष्ठ आहे. ‘पाने हवेशीर सावलीत तपकिरी होईपर्यंत टांगावीत,’ असे तीत म्हटले आहे. हवेशीर सावली म्हटल्यावर सांगली जिल्ह्यातल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे बेदाण्याची शेडच येईल. माझ्याही आली. तासगावजवळ मेहुण्यांच्या शेडचा एक कप्पा जानेवारीत रिकामा होता. हिरवी जाळी, चोहीकडून वारा, ऊन नाही. अर्धी पाने मी तिथे नेऊन टांगली. आठवड्याभरात ती कडकडीत वाळली, पण हिरवीच राहिली. बेदाण्याला जी कोरडी हवा हवी असते, नेमकी तीच सिगारीच्या पानाला मारक ठरते. कारण पान तोडल्यानंतरही काही आठवडे जिवंत असते. त्या काळात त्यातला हरितद्रव्याचा अंश मोडतो, पिष्ट खर्ची पडते आणि मगच हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे तपकिरी होते. पाणी आधीच उडून गेले, तर ही क्रिया जिथल्या तिथे थांबते आणि हिरवा रंग कायमचा बसतो. अशा पानाचा धूर गवत जाळल्यासारखा लागतो. उरलेली अर्धी पाने मी घरच्या माळ्यावर टांगली, खिडक्यांना ओली पोती लावली आणि दिवसाआड ती भिजवत राहिलो. त्यांना सात आठवडे लागले, पण रंग उतरला. ‘तपकिरी होईपर्यंत’ या दोन शब्दांऐवजी हवेत ६५ ते ७५ टक्के आर्द्रता हवी, एवढे जरी छापले असते, तरी माझे निम्मे पीक वाचले असते.

वाळलेले पान हाताळण्यापूर्वी ते सादळवावे लागते. पापड सादळतो तसेच. पाण्याचा हलका फवारा मारून रात्रभर झाकून ठेवले की सकाळी पान कापडासारखे घडी घेते. हे पुस्तिकेत नीट सांगितले आहे. मधली शीर काढल्यावर वजनातले पाव गेले आणि माझ्याकडे जेमतेम सव्वा किलो पान उरले.

पुढचा टप्पा आंबवण्याचा, आणि इथे तर पुस्तिका सरळ चुकीची आहे. ‘पाने रचून ठेवावीत, ढीग आपोआप तापेल,’ असे ती सांगते. कारखान्यात शेकडो किलोंचा ढीग खरोखरच आपोआप तापतो, आतले तापमान ४५-५० अंशांपर्यंत चढते आणि मग तो मोडून खालचे वर करून पुन्हा रचतात. या काळात पानातून अमोनिया निघून जातो आणि चव निवळते. सव्वा किलोचा ढीग कसा तापणार? महिनाभर मी रोज हात घालून पाहत होतो आणि तो माठासारखा गार होता. मग थर्मोकोलची पेटी घेतली, तीत पाण्याचे भांडे आणि लहान बल्ब ठेवला आणि अंडी उबवण्याच्या यंत्राला लावतात तसला तापमान-नियंत्रक बसवून आतली ऊब ५० अंशांवर धरली. पहिले दहा दिवस झाकण उघडले की अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येई. पाचव्या आठवड्यात तो वास सरला आणि वाळल्या खजुरासारखा वास येऊ लागला. या पेटीवर माझे सुमारे १,२०० रुपये खर्च झाले. माझ्या मते घरच्या तंबाखूसाठी विकायच्या संचात ही पेटी नसेल, तर निदान ती करण्याची कृती तरी असायला हवी.

विडी तंबाखूचे पान सिगारीला कितपत चालते, हा प्रश्न आपल्या भागातल्या वाचकाला पडेलच. माझा अनुभव असा की भरणात तिसरा हिस्सा चालते, पोशाखाला अजिबात चालत नाही. आपल्याकडे पानावर तांबूस ठिपके उठले की ते पिकले असे समजतात आणि ते रानात उन्हात वाळवतात. शेवटी त्याचा चुराच करायचा असल्याने पान फाटले किंवा डागाळले तरी कोणाचे काही बिघडत नाही. पोशाखाचे पान मात्र पातळ, लवचीक, बारीक शिरांचे आणि बिनडागी लागते. भारतात तसले पान पश्चिम बंगालमध्ये कूचबिहार जिल्ह्यातल्या दिनहाट्याकडे होते, आणि भरणाचे तमिळनाडूत वेडसंदूरकडे. दोन्ही ठिकाणी केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेने त्या त्या पानासाठी केंद्रे चालवली आहेत. पुस्तिका मात्र ‘कोणतेही व्हर्जिनिया बी चालेल’ असे बेधडक सांगते. व्हर्जिनियाचे पान भट्टीत गरम हवेवर वाळवून सिगारेटसाठी वापरतात, आणि १९७५ च्या तंबाखू बोर्ड कायद्याखाली ते पीक घेणाऱ्याला नोंदणी करावी लागते. असा सल्ला भारतात विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेत असू नये.

सर्व काही जमल्यावरही माझ्या पहिल्या चार सिगारी पुन्हा पुन्हा विझत होत्या. दोष वळण्यात असेल, असे समजून मी भरण सैल करत गेलो. पुढे लक्षात आले की मी परसात घरात उरलेले लाल पोटॅश टाकले होते आणि पाणी विहिरीचे, म्हणजे आमच्या क्षारपड पट्ट्यातले मचूळ पाणी दिले होते. त्या पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि पानात क्लोराइड वाढले की ते धड जळत नाही. द्राक्षबागायतदार ज्याला ०-०-५० म्हणतात, ते सल्फेटचे पोटॅश द्यायला हवे होते. खतांविषयी पुस्तिकेत एकही शब्द नाही.

दोन तक्रारी आणखी आहेत आणि त्या मला सर्वांत गंभीर वाटतात. डिसेंबरात पहाटेच्या दवात भिजलेली पाने मी उघड्या हातांनी तोडली आणि तासाभरात मळमळ, घेरी आणि उलटी सुरू झाली. ओल्या पानातले निकोटिन कातडीतून शरीरात जाते. दव उडाल्यावर, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून पान तोडावे, हा इशारा पहिल्या पृष्ठावर ठळक हवा होता. दुसरी तक्रार झाकणावरच्या ‘शुद्ध, नैसर्गिक आणि निर्धोक’ या शब्दांची. पान घरचे असले म्हणून त्याच्या धुरातली कर्करोगकारक द्रव्ये कमी होत नाहीत, आणि सिगारीचा धूर छातीत ओढला नाही, तरी त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. मी महिन्यातून एखादी सिगार ओढतो. ती निर्धोक आहे, असे मी स्वतःलाही सांगत नाही.

ज्याच्याकडे तयार, आंबवलेले पान आहे आणि फक्त वळायला शिकायचे आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा. सुरी बाजूला ठेवावी आणि चांगली कात्री वापरावी. परसात रोपे असणाऱ्याने पूर्ण संचाच्या भानगडीत पडू नये. विक्रेता साचा सुटाही १,९०० रुपयांना देतो, आणि त्यात ४२ क्रमांकाचा बारीक साचाही मिळतो. मी आता तोच मागवला आहे. मावशींचे म्हणणे आहे की एवढ्या पानात त्या हजार विड्या वळून देतील.