गोव्याच्या खाडीत कायाकवर फिश फाइंडर घ्यायचा तर गार्मिन स्ट्रायकर ४ पुरे

कायाकला फिश फाइंडर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन) कुठला लावू असं बरेच जण विचारतात आणि सगळ्यांची गाडी स्क्रीनवरून सुरू होते, सात इंची घेऊ की नऊ, साईड इमेजिंग (बाजूचं पाणी दाखवणारं) पाहिजे का वगैरे. मांडवी, जुवारी, शापोरा नाहीतर कुंभारजुवेच्या कालव्यात गरवणार असाल तर गार्मिनचा स्ट्रायकर ४ घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या बॅटरीत आणि लाइफ जॅकेटमध्ये घाला, माझं मत एकदम पक्कं आहे.

आपल्या खाड्यांत मासा बघायला हे मशीन लागतच नाही हो. सोनारचा बीम, म्हणजे त्या आवाजाचा झोत, शंकूसारखा खाली जातो, वीस अंशांचा धरला तर तीन मीटर पाण्यात तळाशी जेमतेम एक मीटरचा गोल दिसतो. खारफुटीच्या मुळांत दबा धरून बसलेला चोणक त्या गोलात कधी यायचा, आणि कायाक डोक्यावर आली की तो थांबतो थोडाच!

मशीन लागतं ते तळ वाचायला. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी पाण्याच्या जोराने तळ खणला जाऊन खड्डा पडलेला असतो, ओहोटीला खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतलं) पाणी सुटलं की कोळंबी, शेवटे मासे त्याच्याबरोबर बाहेर येतात आणि चोणक त्या खड्ड्याच्या कडेला वाट बघत असतो. ती कड नेमकी कुठे आहे, दोन मीटरचं पाणी एकदम चार कुठे होतं हे गढूळ पाण्यात वरून कळायला मार्गच नाही, स्क्रीनवर मात्र तळाची रेघ धाडकन खाली जाते, तिथे लगेच वेपॉइंट (जागेची खूण) टाकायचा. जीपीएस आहे ते यासाठी सोन्यासारखं. नकाशा नाही त्यात, हे आधीच सांगतो, पण स्वतः टाकलेले पॉइंट आपल्या फाट्यांत पुरतात.

दुसरं म्हणजे तळ मऊ की कडक. चिखल असला तर रेघ फिकट आणि पसरट दिसते, दगड किंवा कालवांचा थर असला तर ठळक, आणि उथळ पाण्यात कडक तळ आला की त्याच रेघेखाली दुप्पट खोलीवर अजून एक तशीच रेघ उमटते, आवाज तळावर आपटून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून परत खाली जाऊन पुन्हा येतो म्हणून. ही दुसरी रेघ दिसली की मी पुढे जातच नाही, तांबोशी माशासाठी तिथेच गळ टाकतो.

माशांची चित्रं दाखवणारं सेटिंग पहिल्यांदा बंद करा, वाहत येणारी पानं, फांद्या, बुडबुडे सगळ्यालाच मासा म्हणतं ते. आणि स्क्रीनवर कमानीसारखी खूण दिसली तरच मासा असंही नाही, कायाक आणि मासा दोघेही एका जागी असले तर लांब आडवी रेघच येणार.

स्क्रीन साडेतीन इंची, लहान आहे खरी, पण कायाकवर ती गुडघ्याजवळच असते त्यामुळे वाचता येते. आणि कुंभारजुवेत मगरी आहेत, पावसाळ्यात आग्वादचा बार (मांडवीच्या तोंडाचा वाळूचा दांडा) वाहतुकीला बंद झाला की मालवाहू बार्जेसचा मार्गही तोच, तेव्हा डोळे पाण्यावर असलेले बरे. कुठलाही मॉडेल घ्या, दुकानात पोलराइज्ड गॉगल घालून, मान तिरकी करून स्क्रीन बघा, काही स्क्रीन त्या कोनात काळ्याठिक्कर पडतात.

ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि पकडणारा भाग) मी कायाकच्या आतून तळाला चिकटवलाय. एकपदरी प्लास्टिकमधून सिग्नल नीट जातो, फक्त मध्ये हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर काहीच दिसत नाही. पाण्याचं तापमान मग बरोबर येत नाही, त्याला इलाज नाही. बाहेर दांडीवर लावला तर फेरीच्या रॅम्पवर, दगडांवर आपटायची भीती कायमची.

बॅटरी बारा व्होल्ट सात एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम फॉस्फेट घ्या. मशीन अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही, दिवसभर आरामात चालतं आणि शिशाच्या बॅटरीपेक्षा वजन निम्म्याहून कमी. घरी आल्यावर सगळी कनेक्शनं गोड्या पाण्याने धुवायची, पिनांना पाणी अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं, खारं पाणी पितळ खाऊन टाकतं.

बोगमाळोहून ग्रांदे बेटाकडे खडकांवर जाणारे असाल तर मात्र स्ट्रायकर व्हिव्हिडचा क्लिअरव्ह्यूवाला मॉडेल बघा, खोल पाण्यात खडकाच्या फटी त्यात सुट्या सुट्या दिसतात, पण त्याचा ट्रान्सड्यूसर पाण्यातच पाहिजे, आतून चिकटवून ते चित्र येत नाही, म्हणजे दांडीचा खर्च धरूनच बजेट करा.